गोदावरीचे मासे आणि अडलेली वाट

जालन्याच्या मासळीबाजारात आज रोहू, कटला आणि चिलापी हीच नावे प्रामुख्याने कानी पडतात. उपवासकाळातील शुक्रवारी आपल्या घरोघरी जी मासळी शिजते तीही बहुधा यांपैकीच. समुद्र या जिल्ह्यापासून फार दूर. परंतु दक्षिण सीमेवरून गोदामाई वाहते. तिच्या स्वतःच्या माशांची नावे मात्र विस्मृतीत चालली आहेत. ती कशी मागे पडली याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे त्यांनी दख्खनचा मुलूख पायाखाली घातला. भीमा, मुळा-मुठा यांच्या काठी मिळालेल्या माशांचे त्यांनी केलेले वर्णन १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नव्या माशांना नावे देताना त्यांनी अनेकदा कोळ्या-भोयांच्या तोंडचेच शब्द उचलले. शिंगाळा ‘सींघाला’ झाला, दख्खनी महाशीर ‘खुद्री’ झाला. ‘मुसल्ला’, ‘कोलस’, ‘नुक्ता’ हीही नावे त्याच वाटेने शास्त्रात गेली. नुक्त्याच्या नाकाडावर खोल खाच असते. ‘नकटा’ या आपल्या शब्दाशी त्याचे नाते असावे असे मला वाटते. लंडनच्या विद्वत्सभेत मराठी भोयांचे शब्द लॅटिनच्या पंक्तीला बसले, ही गोष्ट आपल्या शाळांतून कोणी सांगत नाही!

त्याच सुमारास निजामाच्या मुलखातील जालन्याच्या छावणीत टॉमस जर्डन नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. १८३७ मध्ये ते घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले आणि तिच्याबरोबर येथे येऊन सुमारे चार वर्षे राहिले. त्यांची कीर्ती पक्ष्यांमुळे झाली. पण १८४९ मध्ये त्यांनी दक्षिण हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातील माशांवरही लिहिले.

या माशांचे जीवन पावसाळ्याशी बांधलेले आहे. कार्प कुळातील नदीचे मासे पुराचे नवे पाणी आले की प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वाढ होते, प्रजनन मात्र सहसा होत नाही. म्हणजे माशाला नुसते पाणी पुरत नाही, वाहते पाणी आणि मोकळी वाट लागते.

ही वाट अडली की काय होते, हे गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला आधी दिसले. कोकणातील तारलीचा आप्त असलेला हिलसा समुद्रातून नदीत शिरून अंडी घालतो. आर्थर कॉटन यांनी बांधलेला धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला आणि हिलशाची वरची वाट बंद झाली. फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या आपल्या अहवालात अशा बंधाऱ्यांनी व बारीक जाळ्यांनी होणाऱ्या हानीची नोंद केली. पुढे १८९७ चा मत्स्य कायदा झाला. त्याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. पण तो ब्रिटिश मुलखापुरता होता. मराठवाडा निजामाकडे, त्यामुळे आपली गोदावरी त्याच्या बाहेर राहिली.

स्वातंत्र्यानंतर दोन घटनांनी चित्र पालटले. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तोपर्यंत मत्स्यबीज मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे. आता ते हौदात तयार होऊ लागले. दुसरी घटना जायकवाडीची. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या भिंतीच्या पायथ्याशी खालून येणारा मासा थबकतो. वरच्या विशाल जलाशयात बीज सोडण्याची सोय झाली, आणि गंगेच्या खोऱ्यातील रोहू, मृगळ आपल्या ताटात आले.

त्याचा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. भोई-कहार समाजाच्या कित्येक घरांची चूल या माशांवर पेटली. परंतु हे उत्पन्न दरवर्षी विकत आणलेल्या बीजावर उभे असते. १९५२ मध्ये देशात आलेल्या चिलापीला तर बीजही लागत नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात ती सुखाने वाढते आणि मूळच्या माशांचे खाद्य बळकावते. २०१२-१३ च्या दुष्काळासारख्या वर्षी पाणी तळाला जाते, तेव्हा उरलेसुरले वीणक्षम मासेही जाळ्यात सहज सापडतात.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तारली पावसाळ्यात अंडी घालते, म्हणून ही बंदी तिच्या उपयोगी पडते. समुद्रात तिची वाट कोणी अडवलेली नसते. नदीत जाळे थांबवले तरी भिंत जागेवरच राहते. लोणावळ्याला टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार होते, हे काम मोलाचेच. पण तलावात सोडलेल्या त्या पिलांनाही पुढे वीण करण्यासाठी दगडगोट्यांचा वाहता प्रवाह हवा असतो.

जालना जिल्ह्यात गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी येथे बंधारे झाले आहेत. पूर आला की त्यांची दारे उघडतात. ती किती दिवस उघडी ठेवायची हे ठरवताना पिण्याचे पाणी आणि ऊस यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात शिंगाळ्याचे आणि खुद्रीचे चार दिवस धरता येतील काय, हे पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांना विचारावयास हवे.