पाटाचं पाणी आणि शंकरराव चव्हाण

आपल्या पाथरी, मानवत, परभणी भागात दिवाळी सरली की एकच विचारणा सुरू होते, "कॅनॉलला पाणी कधी सुटणार?" गहू, हरभरा, ऊस, सगळं त्या तारखेवर असतं. हा पाट आपल्या दारात आणण्यामागं ज्या मंत्र्याचा मोठा वाटा होता, त्याच्याविषयी आज बोलू.

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणला झाला. तेव्हा मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं. शंकरराव हैदराबादला वकिली शिकले. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. पुढं ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात महसूल खात्याचे उपमंत्री झाले आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे व वीज खात्याचे मंत्री.

त्या काळी हे खातं म्हणजे नुसता मान नव्हता. गोदावरी आपल्याच जिल्ह्यातून वाहते, पण नदी खोलात आणि शेत उंचावर. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या. पाण्यासाठी कोसभर चालायचं कुणी? घरातल्या बाईनं. मराठवाड्याचा मागासलेपणा पाण्याशिवाय जाणार नाही, हे शंकररावांचं ठाम मत होतं.

जायकवाडी हे नाव बघा. धरण आहे पैठणला, पण जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. आधीचा बेत तिथं धरण बांधायचा होता. नंतर जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. धरण जितकं उंचावर, तितक्या जास्त रानात पाणी आपसूक उतारानं जातं, हा त्यातला साधा हिशेब. नगर-नाशिकनं किती पाणी घ्यायचं आणि खाली मराठवाड्याला किती सोडायचं, हा वाद तेव्हाही होता. त्या वादात शंकररावांनी आपली बाजू धरून ठेवली.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. मराठवाड्यातून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि मागं नाथसागर. तिथून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटरचा. तोच जालना जिल्ह्यातून आपल्याकडं येतो.

शिस्तीमुळं लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. पुढं १९८६ ते १९८८ ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. दिल्लीत त्यांनी अर्थ खातं सांभाळलं, गृह खातं तर दोनदा. २६ फेब्रुवारी २००४ ला ते गेले. नांदेडच्या विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आज शंकरसागर म्हणून ओळखला जातो.

मात्र मोठ्या माणसाचा इतिहास सांगताना दुसरी पानंही उलटावीत. नाथसागराच्या पोटात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागातल्या शंभरावर गावांची घरं-जमिनी गेल्या. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, मोबदला त्याचा. त्याच मातीत जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या बाईचं नाव बहुतेक ठिकाणी कागदावर नव्हतंच. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत.

आजही पाणी सगळ्यांना सारखं पोचत नाही. वरच्या अंगाला उसाला भरपूर मिळतं आणि शेवटच्या चारीपर्यंत येईस्तोवर पाट कोरडा होतो. वर पाऊस कमी झाला तर नाथसागरच भरत नाही, मग वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून भांडण कोर्टापर्यंत जातं. २००५ च्या कायद्यानं चारीवरच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेकडं द्यायची सोय झाली. पण या संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याच्या नावावर जमीन आहे तो. म्हणजे रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारं धरायला नवऱ्यासोबत आपण जातो. पाण्याचा ठराव होताना मात्र आपण बैठकीत नसतो.

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना विचारते, सातबाऱ्यावर नाव कुणाकुणाचं? चार-दोन हात वर होतात, त्यातही बऱ्याच जणींचं नाव नवरा गेल्यावर लागलेलं. खरं तर १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज तलाठ्याकडं करायचा.

शंकररावांनी पाणी पैठणहून परभणीपर्यंत आणायला अर्धं आयुष्य घातलं. कालव्यापासून आपल्या नावापर्यंतचं अंतर त्या मानानं थोडं आहे. या आठवड्यात घरचा सातबारा काढा, त्यावरची नावं वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. आणि मग घरात बसून शांतपणे विषय काढा.