शीत इथे, भात तिथे

राउटरमधल्या चिपवर कम्पायलर चालवणं परवडत नाही. मेमरी तुटपुंजी, डिस्क नाही, कीबोर्डचा तर प्रश्नच नाही. म्हणून तिचं सॉफ्टवेअर टेबलावरच्या मोठ्या संगणकावर बांधायचं आणि तयार झालं की चिपमध्ये उतरवायचं. यालाच क्रॉस-कम्पायलिंग म्हणतात. कल्पना जुनी आहे. 1975 साली पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी आल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषा लिहिली तेव्हा आल्टेअर त्यांच्याजवळ नव्हता. ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-10 संगणकावर आल्टेअरमधल्या 8080 प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी पारख त्या नकलेवर केली.

पुढच्या पिढीची अडचण वेगळ्याच ठिकाणाहून आली.

ऐंशीच्या दशकात युनिक्सच्या इतक्या जाती झाल्या की एका जातीवर चालणारा प्रोग्रॅम दुसरीवर अडायचा. लॅरी वॉलने आपल्या ‘आरएन’ या न्यूज वाचण्याच्या प्रोग्रॅमसोबत कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट दिली. ती यंत्राची तपासणी करी आणि बसवणाऱ्यालाही प्रश्न विचारी. जून 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची बरीच साधनं सांभाळत होता. प्रत्येक यंत्रासाठी वीसेक पर्याय हाताने निवडावे लागत. त्यातून सुटका म्हणून त्याने जे काम हाती घेतलं त्याचंच पुढे ऑटोकॉन्फ झालं. ऑटोकॉन्फने बनवलेल्या स्क्रिप्टची युक्ती म्हणजे शितावरून भाताची परीक्षा: चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, कम्पाइल करायचा, चालवायचा आणि मिळालेल्या उत्तरावरून पूर्ण यंत्र ओळखायचं.

क्रॉस-कम्पायलिंगमध्ये नेमकं ‘चालवायचा’ इथे घोडं अडतं. भात दुसऱ्याच्या चुलीवर शिजतोय. एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम इंटेलच्या संगणकावर चालत नाही आणि स्क्रिप्ट थांबते: क्रॉस-कम्पाइल करताना चाचणी प्रोग्रॅम चालवता येत नाही.

थांबते तेव्हा निदान कळतं तरी. अंदाज बांधून पुढे जाते तेव्हा त्रास जास्त. याचं गाजलेलं उदाहरण मेमरी मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनचं. शून्य बाइट मेमरी मागितली तर सी भाषेचा नियम दोन्ही उत्तरांना मुभा देतो: रिकामा पॉइंटर किंवा खरा पत्ता. चालवून पाहता येत नाही म्हणून ऑटोकॉन्फ वाईटात वाईट धरून चालायचा आणि मॅलॉकच्या जागी ‘आरपीएल_मॅलॉक’ हे नाव घालायचा. ते फंक्शन पॅकेजमध्ये दिलेलंच नसलं की बांधणी अगदी शेवटी, लिंक करताना कोसळायची. चूक दिसे एकीकडे, तिचं मूळ हजारो ओळी आधी. उपाय एका ओळीचा होता: त्या चाचणीचं उत्तर ‘हो’ आहे असं स्क्रिप्टला आधीच सांगून ठेवायचं. ती ओळ सापडेपर्यंत अनेकांचे दिवस गेले.

काही प्रश्नांना मात्र न चालवताच उत्तरं मिळवली गेली, आणि या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग तोच. एखादा प्रकार किती बाइटचा हे हवं असेल तर अंदाज चुकल्यास ज्याची लांबी ऋण होईल असा ॲरे लिहायचा. कम्पायलरने नाकारला की दुसरा अंदाज. नकार-होकारांतूनच आकडा हाती येतो. बाइटांचा क्रम ओळखायची रीत तर याहून देखणी. काही संख्या अशा निवडल्या आहेत की कम्पाइल झालेल्या फाइलमध्ये त्या एका क्रमाने ‘बिगएंडियनसिस’ आणि उलट क्रमाने ‘लिटलएंडियन’ अशी इंग्रजी अक्षरं होऊन उमटतात. फाइल चालवायची नाही, तिच्यात फक्त तो शब्द शोधायचा.

बाकीचे प्रश्न माणसांनी आपापसांत वाटून घेतले. लहान यंत्रांसाठीच्या यूसीलिबसी या सी लायब्ररीच्या मंडळींनी 2001 च्या सुमारास बिल्डरूट हे बांधणीचं साधन सुरू केलं. 2003 मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स खुला झाला आणि 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर त्याच्यावर आणि बिल्डरूटवर उभं राहिलं. ओपनएम्बेडेड या बांधणीच्याच दुसऱ्या प्रकल्पाने प्रत्येक प्रोसेसरची उत्तरं फाइलींत लिहून ठेवली. नोकियाच्या मायमो प्रकल्पात वापरलेल्या स्क्रॅचबॉक्सने ॲलनचा रस्ता धरला: चाचणी प्रोग्रॅम प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूवर किंवा नेटवर्कने जोडलेल्या खऱ्या यंत्रावर परस्पर चालवायचा.

तरी नवी यंत्रं येतच राहिली. 2011 मध्ये एआरएमने 64 बिटांची रचना जाहीर केली, तिचं नाव एआर्च64. जुन्या पॅकेजांतल्या ‘कॉन्फिग.सब’ या यंत्रांची नावं ओळखणाऱ्या फाइलला हे नाव ठाऊकच नव्हतं. यंत्र ओळखता येत नाही, एवढंच म्हणून स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर थांबे. ऑटोकॉन्फवरची पॅकेजेस कॉन्फिगर करण्याआधी बिल्डरूट आजही ही फाइल आणि तिची जोडीदार ‘कॉन्फिग.गेस’ काढून त्या जागी ताज्या प्रती ठेवतं.