अठ्ठावीस हजारांची गाडी, सव्वीस हजारांची दुरुस्ती

गेल्या शनिवारी सांगलीतल्या गॅरेजवाल्या उस्तादांनी एक चिठ्ठी हातात दिली. टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेकचं काम, पेट्रोलच्या रबरी नळ्या, दोन टायर, एसी, डेंटिंग-पेंटिंग. बेरीज २६,४०० रुपये. गाडी म्हणजे अब्बांची मारुती ८००, नोव्हेंबर २००२ची, सातारा पासिंग. अब्बा साताऱ्याला शिक्षक होते तेव्हा त्यांनी ती जुनी विकत घेतली. निवृत्तीनंतर ते सांगलीच्या घरी परतले, त्यांच्याबरोबर गाडीही आली. मी नोकरीमुळे साताऱ्यातच राहिले.

धाकट्या भावाने एका दलालाला गाडी दाखवली. तो २८ हजार द्यायला तयार होता. भाऊ मला म्हणाला, "आपा, अठ्ठावीस हजारांच्या गाडीला सव्वीस हजार लावायचे? ही निव्वळ फिजूलखर्ची आहे." अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

भावाचा हिशेब कुणालाही पटेल असाच आहे. एसटीने साताऱ्याला परत येताना मात्र मला वेगळाच प्रश्न पडला. अब्बांच्या तरुणपणी हा हिशेब कुणी मांडला असता का? थोडं जुनं वाचन आठवलं आणि लक्षात आलं की 'दुरुस्ती परवडते का' हा प्रश्न आपल्याकडे तसा नवाच आहे.

मोटारींच्या धंद्यात आमच्या सातारा-सांगलीचं नातं जुनं आहे. धनजीशा कूपर या पारशी उद्योजकाने १९२२ साली साताऱ्याजवळ कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. तिथे लोखंडी नांगर बनले, पुढे डिझेल इंजिनंही बनली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४० मध्ये तो कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. सोलापूरच्या या वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी रस्त्यावर आल्या. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही नंतर वालचंदांचंच नाव मिळालं.

मग आला परवान्यांचा काळ. १९५३च्या टॅरिफ कमिशनने सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाट बंद केली. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. मागणी जास्त आणि गाड्या कमी, म्हणून पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचा. स्कूटरचंही तेच. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' बनायची, पण स्कूटर हवी असेल तर सातारकरांनाही रांग चुकायची नाही.

अशा काळात जुनी गाडी स्वस्त होत नाही. उलट नंबर न लावता लगेच मिळते म्हणून तिला नव्यापेक्षाही जास्त भाव यायचा. मग दुरुस्ती परवडते का, असं कोण विचारणार? इंजिन दमलं की बोअर करायचं, नवे पिस्टन-रिंग घालायचे, पार्ट मिळाला नाही तर लेथवर बनवून घ्यायचा. प्रत्येक गावात एक उस्ताद आणि त्याच्या हाताखाली दोन-तीन शागीर्द असायचे. त्यांची किंमत गावातल्या डॉक्टरपेक्षा फार कमी नव्हती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००ची चावी ग्राहकाच्या हाती दिली गेली. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. त्या दिवसापासून हळूहळू हे चित्र पालटलं. १९९३ मध्ये मोटार उद्योगातला परवानाही गेला. नव्या कंपन्या आल्या, बँका कर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या. नवी गाडी सहज मिळू लागली तशी जुनीची किंमत उतरत गेली. मजुरी आणि पार्टचे दर मात्र चढत गेले. एक दिवस या दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या. माझ्या भावाचा प्रश्न त्या छेदावर जन्मला आहे. गंमत म्हणजे ज्या मारुतीने जुन्या गाड्यांचा भाव पाडला, तीच आज आमच्या दारात जुनी होऊन उभी आहे. तिचं उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये थांबलं.

आता सरकारही या हिशेबात उतरलं आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती दहा हजार केली. पर्यावरण कर वेगळा, नव्या नंबर प्लेटचे ७४५ रुपये आणि जीएसटी वेगळा. गाडी रीतसर भंगारात दिली तर नव्या गाडीच्या करात सवलत आहे. इशारा स्पष्ट आहे: जुनी सोडा, नवी घ्या.

भंगाराला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना शाहू महाराजांनी निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर बनले, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तोफ म्हणून तिची किंमत शून्य होती, लोखंड म्हणून मोठी होती. महाराजांनी त्या तोफा बाजारात काय भावाने जातील हे पाहिलं नाही, त्यांचा उपयोग काय उरला हे पाहिलं.

मला वाटतं, भावाचा हिशेब इथेच चुकतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहायचा नसतो. तो गाडीकडून अजून किती काम घ्यायचं आहे, त्याच्याशी ताडायचा असतो. आमच्या गाडीचं काम एकच आहे. अम्मीला डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा मिरजेला न्यायचं. नोंदणी नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे, म्हणजे हातात २२ महिने आहेत.

रविवारी चिठ्ठी घेऊन मी पुन्हा गॅरेजला गेले. उस्तादांना म्हटलं, आधी गाडी वर उचला आणि खालचा पत्रा दाखवा. चेसिस सडली असती तर एक रुपयाही घालायचा नाही हे मी ठरवलं होतं. पत्रा शाबूत निघाला. मग चिठ्ठीचे दोन भाग केले. ब्रेक, टायर, बेल्ट, क्लच आणि नळ्या यात तडजोड नाही. टायमिंग बेल्ट वाटेत तुटला तर गाडी जागीच उभी राहते आणि शेजारी अम्मी बसलेली असते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. एसी आणि रंग मात्र खोडले. बेरीज १७,६०० वर आली.

बावीस महिन्यांत वाटले तर महिना ८०० रुपये. आज विकली तर २८ हजार, तेव्हा भंगारात १६ हजार धरले, म्हणजे किमतीची घट महिना साडेपाचशे. विमा आणि पीयूसी अडीचशे, पेट्रोल पाचशे. एकूण २,१००. भाड्याच्या गाडीने मिरजेच्या दोन फेऱ्या थांबण्यासकट १,६०० रुपयांना पडतात. बाजार, लग्नकार्य आणि इतर रिक्षाचे आठशे धरले तर २,४००. म्हणजे फरक फक्त तीनशेचा. चार लाखांच्या नव्या गाडीचा हप्ताच आठ हजारांपुढे जातो, तो प्रश्नच नाही.

वाचकहो, तीनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण हिशेब मांडला नसता तर भाऊ फिजूलखर्ची म्हणत राहिला असता आणि अब्बा गप्प राहिले असते. आकडे कागदावर पाहिल्यावर भाऊ म्हणाला, "ठीक आहे, पण यापुढे दुसरं मोठं काम निघालं तर?" मी म्हटलं, तर विकायची. ही मर्यादा आधीच ठरवलेली बरी. नाहीतर 'एवढे घातलेच आहेत' म्हणत माणूस घालतच राहतो.

ही अट अब्बांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोव्हेंबर सत्तावीस ना?"

"हो."

"तोवर अम्मीचे उपचार संपतील," ते म्हणाले. मग खिशातली जुनी चिठ्ठी काढून मला परत दिली.