थांबून पुन्हा चालणारे फंक्शन आणि त्याची चाचणी

१

संगणकाच्या प्रोग्रामातील साधे फंक्शन हे एका अर्थी प्रश्नोत्तरासारखे असते. त्याला बोलावले की ते आपले काम प्रारंभापासून अखेरपर्यंत पार पाडते, उत्तर देते आणि संपते. त्याच्या चाचणीची रीतही त्यामुळे सरळ आहे : ठराविक मूल्ये द्यावयाची आणि येणारे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहावयाचे. जनरेटर फंक्शनाचा स्वभाव याहून वेगळा आहे. ते एक मूल्य देते आणि मध्येच थांबते. पुढील मूल्य मागितले जाईपर्यंत आपली सर्व स्थिती जपून ठेवते. आणि मागणी आली म्हणजे जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू लागते. एखाद्या मोठ्या ग्रंथाच्या फाइलमधून एकेक शब्द काढून देणारे फंक्शन हे याचे साधे उदाहरण होय. त्यासाठी सगळा ग्रंथ स्मृतीत भरून घ्यावा लागत नाही. आणि मागणाऱ्याला पहिले दहाच शब्द हवे असतील तर उरलेला ग्रंथ वाचण्याचे श्रमही वाचतात.

अशा फंक्शनाची चाचणी बहुधा एकाच रीतीने घेतली जाते. त्याने दिलेली सर्व मूल्ये एका यादीत गोळा करावयाची आणि ती यादी अपेक्षित यादीशी जुळते की नाही ते पाहावयाचे. ही रीत चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. यादी जुळली म्हणजे मूल्ये बरोबर आहेत एवढेच सिद्ध होते. फंक्शन केव्हा सुरू झाले, मागणीगणिक चालले की सर्व काम आधीच उरकून बसले, आणि मध्येच सोडून दिल्यास त्याने उघडलेली फाइल बंद केली की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या यादीत नसते. हे प्रश्न आज एकाएकी उद्भवलेले नाहीत. गेल्या सहासात दशकांत भाषाकारांनी या फंक्शनाला जसजसे अधिक स्वातंत्र्य दिले, तसतशी चाचणी घेणाऱ्याची जबाबदारी एकेक पायरीने वाढत गेली, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

२

जनरेटर ही संज्ञा आय.पी.एल. या भाषेच्या परंपरेत प्रथम रूढ झाली. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास या भाषेची उभारणी केली. ती कंपायलरने भाषांतरित होणारी नसून सूचनांचा क्रमाने अर्थ लावीत चालणारी भाषा होती. परंतु कल्पनेचे बीज तिच्यात स्पष्ट दिसते. तेथील जनरेटर यादीतील एकेक घटक काढून एका उपक्रियेच्या हाती देई, आणि पुढे चालावयाचे की थांबावयाचे याची खूण ती उपक्रिया करी. म्हणजे मूल्य देणारा भाग आणि ते घेणारा भाग यांच्यामध्ये एक करार होता. थांबण्याची खूण झाल्यावर जनरेटरने थांबलेच पाहिजे, हा त्या कराराचा गाभा होय.

याच काळात मेल्विन कॉन्वे यांनी कोरूटीन ही संज्ञा घडविली. डॉनल्ड कनूथ यांनी या संज्ञेचे वर्ष १९५८ असे दिले आहे. कॉन्वे यांचा प्रसिद्ध निबंध जुलै १९६३ मध्ये प्रकाशित झाला; त्याचा विषय कोबोल भाषेचा कंपायलर हा होता. कंपायलरचा एक भाग अक्षरे जोडून शब्द तयार करतो, दुसरा भाग शब्दांवरून वाक्यरचना ओळखतो. या दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याचा चाकर नसावा, प्रत्येकाने आपणच मुख्य प्रोग्राम आहोत अशा थाटात लिहिले जावे, आणि नियंत्रण एकमेकांकडे सोपवीत जावे, ही त्यांची मांडणी होती. चाचणीच्या दृष्टीने या निबंधातील दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. अशा भागांमधील देवघेव सुट्या घटकांच्या रूपाने आणि एकाच दिशेने होत असेल, तर तेच भाग एकामागून एक अशा स्वतंत्र फेऱ्यांतही चालविता येतात. यावरून पुढील गोष्ट सहज निष्पन्न होते : ज्या भागाला आपल्या शेजाऱ्याविषयी घटकांपलीकडे काहीच माहीत नाही, त्याची चाचणी शेजाऱ्यावाचून घेता येते. आज जनरेटरला खोटा पुरवठादार किंवा खोटा ग्राहक जोडून जी चाचणी घेतली जाते, तिचे तत्त्व हेच आहे.

३

कंपायलरने भाषांतरित होणाऱ्या भाषेत या कल्पनेला नीटनेटके रूप मिळाले ते क्लू या भाषेत. बार्बरा लिस्कॉव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे तिची रचना केली. १९७५ मध्ये या गटाने कार्नेगी मेलन विद्यापीठाला भेट दिली. तेथे ॲल्फार्ड या भाषेतील जनरेटरचा विचार चालू होता. त्या प्रेरणेतून रस अ‍ॅटकिन्सन यांनी क्लूमधील इटरेटरची कल्पना साकार केली. यील्ड हा शब्द या प्रकारच्या फंक्शनांशी कायमचा जोडला गेला तो येथून.

या क्रियापदाच्या अर्थाकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ आहेत : शेताने पीक द्यावे तसे देणे, आणि समोरून येणाऱ्याला वाट सोडून देणे. जनरेटरच्या संदर्भात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात; फंक्शन मूल्यही देते आणि नियंत्रणही सोडते. मराठीत या दोहोंना सामावणारे एक क्रियापद नाही, आणि ही उणीव येथे उपकारकच आहे. कारण मराठीतून विचार करणाऱ्याला दोन क्रिया वेगळ्या दिसतात. यादी जुळवून पाहणारी चाचणी पहिल्याच अर्थाची परीक्षा घेते. दुसरा अर्थ अपरीक्षित राहतो.

क्लूच्या रचनाकारांनी इटरेटरवर एक कडक बंधन घातले होते. तो केवळ फॉर लूपमध्येच वापरता येई. त्याला चलात साठवून ठेवणे, दोन इटरेटर जोडीने पुढे नेणे, किंवा लूपबाहेर घेऊन जाणे शक्य नव्हते. लूप मध्येच सुटले की इटरेटरचेही काम तेथेच संपे. या बंधनामुळे कंपायलरचे काम सोपे झाले, कारण साध्या फंक्शनांच्या एकाच स्टॅकवर सर्व भागत असे. परंतु त्याचा दुसरा लाभ क्वचितच सांगितला जातो. इटरेटरचे आयुष्य लूपच्या आयुष्याच्या आत बंदिस्त असल्यामुळे, सोडून दिलेला आणि विसरला गेलेला इटरेटर ही स्थितीच तेथे संभवत नव्हती. जे संभवत नाही त्याची चाचणी घ्यावी लागत नाही.

मेरी शॉ, विल्यम वुल्फ आणि राल्फ लंडन यांचा ॲल्फार्डमधील जनरेटरविषयीचा निबंध ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा मार्ग चाचणीचा नसून गणिती सिद्धतेचा होता. जनरेटरची शुद्धता एकदाच स्वतंत्रपणे सिद्ध करावी आणि तो वापरणाऱ्या लूपची सिद्धता त्या आधारावर सोपी व्हावी, असा त्यांचा हेतू होता. या भाषेचा पूर्ण कंपायलर प्रचारात आला नाही. तथापि देणाऱ्याची परीक्षा वेगळी आणि घेणाऱ्याची वेगळी हा विवेक त्या निबंधाने दृढ केला.

४

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००५ मध्ये आलेली सी शार्प भाषेची दुसरी आवृत्ती. येथे कंपायलर जनरेटर फंक्शनाचे अक्षरशः तुकडे करतो. प्रत्येक थांब्याला एक क्रमांक देऊन, स्थानिक चलांना एका वस्तूच्या पोटात हलवून, तो मूळ फंक्शनाचे एका स्थितियंत्रात रूपांतर करतो. ही वस्तू साठविता येते, दुसऱ्या फंक्शनाकडे पाठविता येते, अर्धवट टाकूनही देता येते. क्लूने नाकारलेले स्वातंत्र्य येथे पूर्णतः मिळाले, आणि त्याबरोबर चाचणीचे तीन नवे प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न प्रारंभाचा. सी शार्पमधील जनरेटरला बोलावले असता त्याच्या अंगातील एकही ओळ चालत नाही. पहिले मूल्य मागितल्यावरच काम सुरू होते. त्यामुळे फाइलचे नाव रिकामे असल्यास तक्रार करण्याची सूचना पहिल्याच ओळीत लिहिली असली, तरी ती तक्रार बोलावण्याच्या जागी उमटत नाही. ती दूर कोठेतरी, पहिल्या मागणीच्या वेळी उमटते. यादी गोळा करणाऱ्या चाचणीला हा फरक दिसत नाही, कारण तिच्यात बोलावणे आणि मागणे लागोपाठ होते. यावर उपाय म्हणून फंक्शनाचे दोन भाग करण्याची रीत रूढ झाली : बाहेरचा भाग तपासणी करतो, आतला भाग मूल्ये देतो. २०१७ मध्ये सातव्या आवृत्तीत स्थानिक फंक्शनांची सोय झाल्यावर ही रीत अधिक सुटसुटीत झाली.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. त्याच वस्तूवरून दुसऱ्यांदा लूप चालविल्यास सी शार्पमध्ये सर्व काम पुन्हा पहिल्यापासून होते. फाइल पुन्हा उघडली जाते. पायथनमध्ये, उलट, संपलेला जनरेटर दुसऱ्या खेपेस निमूटपणे काहीच देत नाही. दोन्ही वर्तने आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु एका भाषेतून दुसरीत आलेल्या प्रोग्रामात ती गृहीत धरली गेली तर दोष निर्माण होतो.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न परित्यागाचा. मागणाऱ्याने मध्येच काम सोडले तर फाइल बंद करण्याची अंतिम सूचना कोणी चालवावयाची? पायथनच्या २००१ मधील आवृत्तीत हा प्रश्न टाळण्यासाठी एक निषेधच घातला गेला होता : जेथे अशी अंतिम सूचना जोडलेली आहे त्या खंडाच्या आत यील्ड लिहिता येत नसे, कारण जनरेटर पुन्हा कधी चालेल याची हमी नव्हती. २००६ मध्ये जनरेटर बंद करण्याची स्वतंत्र सोय झाल्यावर हा निषेध उठला. सी शार्पमध्ये लूप मध्येच सुटले तरी भाषा स्वतः विसर्जनाची सूचना देते. परंतु लूपवाचून हाताने मूल्ये मागणाऱ्याने ती सूचना दिली नाही, तर अंतिम सूचना कधीच चालत नाही. अशा प्रोग्रामाची सर्व मूल्ये बरोबर येतात, सर्व याद्या जुळतात, आणि दीर्घकाळ चालल्यावर उघड्या फायलींची मर्यादा संपून तो कोसळतो.

५

सी प्लस प्लस या भाषेने २०२० च्या मानकात कोरूटीनचा आणि २०२३ च्या मानकात तयार जनरेटरचा स्वीकार केला. येथे स्मृतीची व्यवस्था प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असल्यामुळे चौथा प्रश्न पुढे येतो. जनरेटरची स्थिती एका स्वतंत्र चौकटीत राहते आणि दिलेली मूल्ये त्या चौकटीत उतरवून घेतली जातात. परंतु मूल्याऐवजी केवळ त्याचा संदर्भ दिला असेल तर चौकटीत संदर्भच राहतो. मूळ अक्षरमाला नाहीशी झाल्यावर जनरेटर पुन्हा चालू झाला, तर तो मोकळ्या झालेल्या जागेत वाचू लागतो. त्या जागेत जुनी अक्षरे योगायोगाने शिल्लक असली तर चाचणी उत्तीर्ण होते. कंपायलरला अधिक वेगवान भाषांतराची आज्ञा दिली की तीच चाचणी कदाचित फसते. म्हणून अशा भाषेत चाचणी एकाच भाषांतरावर विसंबून घेणे धोक्याचे ठरते. २०१२ पासून उपलब्ध असलेल्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसारख्या साधनांनिशी ती पुन्हा घेतली पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.२३ या आवृत्तीने मात्र वर्तुळ जवळजवळ पूर्ण केले. येथे कंपायलर लूपच्या अंगाचेच एक फंक्शन करून ते मूल्य देणाऱ्याच्या हाती देतो, आणि पुढे चालावे की थांबावे हे त्या फंक्शनाच्या उत्तरावरून कळते. न्यूएल आणि शॉ यांच्या उपक्रियेचीच ही आठवण आहे. नवी गोष्ट एवढीच की, थांबण्याचे उत्तर मिळूनही देणारा पुढे मूल्य देऊ लागला, तर चालू प्रोग्राम तेथेच त्रुटी दाखवून थांबविला जातो. जुन्या कराराला आता पहारेकरी मिळाला आहे. तथापि हा पहारा कंपायलरने घडविलेल्या लूपपुरताच आहे. चाचणीत हाताने लिहिलेले साधे फंक्शन दिले, तर नकारानंतर आलेल्या मूल्यांची मोजदाद चाचणीनेच ठेवली पाहिजे.

६

या इतिहासाचे तात्पर्य असे की, जनरेटरची चाचणी ही मूल्यांची चाचणी नसून आयुष्यक्रमाची चाचणी होय. प्रारंभ केव्हा झाला हे बोलावणे आणि पहिली मागणी यांच्यामध्ये थांबून पाहावे. मागणीगणिक काम होते की नाही हे पाहण्यासाठी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने केलेल्या कृतींची एकच टिपणवही ठेवावी, आणि त्या नोंदी आळीपाळीने येतात की नाही ते तपासावे; सर्व मूल्ये आधीच तयार करून ठेवणारे फंक्शन याच कसोटीवर उघडे पडते. अनंत मालिका देणाऱ्या फंक्शनाकडून मोजकीच मूल्ये मागावीत. एकही मूल्य न मागता, एक मूल्य मागून आणि मध्येच त्रुटी उत्पन्न करून, अशा तिन्ही रीतींनी ते सोडून द्यावे आणि प्रत्येक वेळी उघडलेले सर्व काही बंद झाले की नाही हे पाहावे. दोन जनरेटर एकाच वेळी चालवून ते एकमेकांच्या स्थितीत ढवळाढवळ करीत नाहीत याची खात्री करावी.

यांतील एकही कसोटी कठीण नाही. त्या वगळल्या जातात, कारण मूल्ये डोळ्यांना दिसतात आणि सोडलेले नियंत्रण दिसत नाही. क्लूच्या रचनाकारांनी बंधन घालून जी हमी मिळविली होती, ती नंतरच्या भाषांनी स्वातंत्र्याच्या मोबदल्यात सोडून दिली. हा सौदा एकंदरीत लाभाचाच ठरला, हे या फंक्शनाच्या आजच्या प्रसारावरून दिसते. परंतु जी हमी भाषेने सोडली ती कोणीतरी उचललीच पाहिजे, आणि चाचणी लिहिणाऱ्यावाचून ती उचलणारा दुसरा कोणी उरलेला नाही.