अहवालानंतरचा दुष्काळ

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग धाराशिव आणि येडशी मागे टाकून बालाघाटाच्या माथ्यावरून उत्तरेस सरकू लागला, म्हणजे कळंब तालुक्यातील येरमाळा लागते. हे नाव महाराष्ट्रात परिचित झाले ते येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे. पौर्णिमेनंतर देवीची पालखी डोंगर उतरते, चुन्याच्या रानात असंख्य भाविक चुनखडीचे खडे वेचून त्यांची रास घालतात, आणि मग पालखी आमराईत मुक्कामास राहते. परंतु ज्या दिवसांत हा सोहळा भरतो, त्याच दिवसांत या माथ्यावरील विहिरींचे तळ दिसू लागतात, ही गोष्ट यात्रेकरूंच्या सहसा ध्यानी येत नाही. बालाघाटाचा हा पट्टा दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक होय. त्याच्या पश्चिमेच्या उतारावर पडलेले पाणी सीना-भीमेच्या वाटेने कृष्णेस मिळते, पूर्वेचे तेरणा-मांजरेच्या वाटेने गोदावरीस जाते, आणि खुद्द माथ्यावर, पातळ मुरमाड मातीखाली कातळच असल्यामुळे, फारसे काही राहत नाही. पावसाने एक वर्ष पाठ फिरवली तर रयत कर्जात जाते, आणि लागोपाठ दोन वर्षे फिरवली तर गाव सोडून जाते.

अशा मुलखावर दुष्काळ वारंवार येणार, हे उघड आहे. आणि प्रत्येक मोठ्या दुष्काळाच्या मागोमाग एखादा आयोग, एखादी समिती आणि शिफारशींनी भरलेला अहवाल येणार, हाही गेल्या दीडशे वर्षांचा शिरस्ता आहे. त्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे शोधू लागले असता एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येते. ज्या तरल्या त्या इतर शिफारशींहून अधिक शहाणपणाच्या होत्या असे नव्हे, आणि ज्या बुडाल्या त्या अव्यवहार्य होत्या असेही नव्हे. शिफारशीचे आयुष्य ठरले ते एकाच प्रश्नावर: तिचा हिशेब कोणाच्या दप्तरात लिहिला जात होता, आणि ती न पाळल्यास जाब कोणाला द्यावा लागत होता.

याचा आरंभ १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळापासून करणे योग्य ठरेल. दख्खनमध्ये लक्षावधी माणसे मेल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये आपला अहवाल दिला. धडधाकटांस काम, अपंग-वृद्धांस फुकट धान्य, साऱ्याची तहकुबी अथवा माफी, आणि या सर्वांसाठी अगोदरच लिहून ठेवलेले नियम, असा त्या अहवालाचा गाभा होता. १८८३ मध्ये नमुन्याचा फॅमिन कोड प्रसिद्ध झाला व त्याच्या आधारे प्रांतोप्रांतीचे कोड तयार झाले. तगाईचे कायदे १८८३ व १८८४ मध्ये झाले. कोणत्या चिन्हांवरून दुष्काळ ओळखावा, कामाची चाचणी कधी घ्यावी, कोणत्या अंमलदाराने कोणास कळवावे, हे सारे कोडात कलमवार आले आणि म्हणून ते जगले. परंतु त्याच सुमारास दुष्काळनिवारणासाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे जे अभिवचन सरकारने नवे कर बसवताना दिले होते, त्याची वाट निराळी झाली. तो पैसा अफगाण युद्धाच्या खर्चाकडे वळला आणि हिंदी पुढाऱ्यांनी त्यावर टीकेची झोड उठवली. कोड पाळणे कलेक्टरवर बंधनकारक होते. निधी राखून ठेवणे कोणाही एकावर बंधनकारक नव्हते.

कोडाचे खरे सामर्थ्य कळून आले ते १८९६-९७ च्या दुष्काळात. सरकारने स्वतः केलेले नियम सरकारनेच पाळावेत, एवढ्या साध्या मागणीवर पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने जी चळवळ उभी केली, ती या देशाच्या सार्वजनिक जीवनातील एक अपूर्व घटना मानली पाहिजे. सभेचे प्रतिनिधी गावोगाव हिंडले, कोडातील तरतुदी मराठीत समजावून सांगू लागले, आणि पीक बुडाले असता सारा तहकूब होण्याचा आपला हक्क आहे, हे शेतकऱ्यास प्रथमच उमगले. याचा परिणाम असा झाला की, १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. शिफारशीची अंमलबजावणी मागणारा माणूस हा शिफारस करणाऱ्या माणसापेक्षा सरकारला अधिक त्रासदायक वाटतो, याचा हा आपल्या इतिहासातील पहिला ठळक पुरावा होय.

येरमाळ्याच्या वाट्याला मात्र हा कोडही आला नाही. १८५३ च्या तहाने धाराशिवचा मुलूख काही काळ इंग्रजांच्या ताब्यात गेला होता व मेडोज टेलर याने नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहिला होता. परंतु १८६० मध्ये तो निजामाकडे परत आला, आणि त्यामुळे वीस वर्षांनी निघालेल्या अहवालाची हुकमत बार्शीच्या शिवेपर्यंत येऊन थांबली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अंमलात होती. कळंब तालुका निजामाच्या नळदुर्ग जिल्ह्यात होता. एकाच आभाळाखाली, एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर, एका शेतकऱ्यास कोडाचे कलम दाखवता येत असे, तर दुसऱ्यास अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे निजामाच्या जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीपुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागे. संस्थानातही मदतीची कामे निघाली, साऱ्यात सूटही मिळाली; तथापि ती मेहेरबानी होती, हक्क नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर जी खानेसुमारी झाली, तिच्यात जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली.

संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी घटनेच्या ३७१ व्या कलमात मराठवाडा व विदर्भ यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. या अभिवचनाच्या पूर्ततेस अडतीस वर्षे लागावयाची होती. मध्यंतरी १९६२ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने राज्याच्या पाण्याचा पहिला सविस्तर ताळेबंद मांडला. पुढच्याच वर्षी राज्यातील सर्व कायद्यांतून दुष्काळाची संज्ञाच वगळणारा अधिनियम विधिमंडळाने संमत केला आणि तिच्या जागी टंचाई आली. शासन पीकपाण्यावर सतत नजर ठेवून असल्यामुळे दुष्काळ असा आता पडणारच नाही, ही त्यामागची धारणा होती. निसर्गाने या अधिनियमाची दखल घेतली नाही, हे नऊच वर्षांत दिसून आले.

१९७२ चा दुष्काळ अद्याप वृद्धांच्या बोलण्यात कालगणनेचा टप्पा म्हणून येतो. अमुक लग्न दुष्काळाच्या आदल्या साली झाले, तमुक मूल लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर वाढले, असे ते सांगतात. त्या वर्षी रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा लागल्या. सकाळी मुकादम हजेरीपट उघडून नावे पुकारी. पुरुष टिकाव-पहार घेऊन खणत, बाया घमेली वाहत, आणि फोडलेल्या खडीचा ढीग चौकोनी रचून ब्रासाच्या मापाने मोजला जाई. पाझर तलावाच्या कामावर खणलेल्या खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब मुद्दाम न खणता ठेवीत, कारण जमीन मुळात किती उंच होती आणि टोळीने किती खणले, याचा निवाडा त्या खांबावरूनच व्हावयाचा असे. मोजणी झाल्याखेरीज मजुरी नाही, आणि मजुरीखेरीज चूल नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. एवढ्या भयंकर टंचाईत भूकबळींचे प्रमाण जगातील इतर दुष्काळांच्या मानाने अत्यल्प राहिले, त्याचे श्रेय या हजेरीपटांकडे जाते.

याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना स्थिरावली. तिची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. १९७७ च्या कायद्याने, ज्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला, ग्रामीण भागातील प्रौढ माणसास अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. काम पंधरा दिवसांत न दिल्यास भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. आणि खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसवून वेगळा निधी उभा केला. काम मागणारा ठरला, देणारा ठरला, मुदत ठरली, पैशाचा झरा ठरला. अंमलात भ्रष्टाचार झाला, कामे अर्धवट राहिली, तरीही योजना मेली नाही. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी जो रोजगार हमी कायदा केला, त्याचा पाया महाराष्ट्राच्या या कायद्यात आहे.

त्याच दुष्काळाच्या दुसऱ्या अपत्याची कथा निराळी आहे. १९७३ च्या सुखठणकर समितीने अवर्षणप्रवण तालुके निश्चित केले आणि तेथील शेती-पाण्याचा दीर्घकालीन विचार मांडला; १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने विकासाचा जिल्हावार अनुशेष मोजला आणि तो ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक असल्याचे दाखवले. अनुशेष दूर करण्याऐवजी तो पुन्हा मोजण्याकडेच कल राहिला. विकास मंडळे १९९४ मध्ये एकदाची स्थापन झाली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीच्या गणनेत अनुशेषाचा आकडा १४,००० कोटींच्या घरात गेला, कारण किमती वाढल्या होत्या, निकष बदलले होते आणि मूळचे काम बरेचसे तसेच राहिले होते. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरून नवी मांडणी केली. तो अहवाल विधिमंडळापुढे येण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. २०२० च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदतच संपली. या साखळीतील एकाही समितीची विद्वत्ता संशयास्पद नव्हती. परंतु पाणी वाटणे म्हणजे कोणाकडून तरी काढून घेणे होय, आणि ते कोणी, कोणत्या वर्षी, कोणाच्या सहीने काढून घ्यावे, हे कोणत्याही अहवालास सांगता आले नाही. कृष्णा-मराठवाडा योजनेत धाराशिव आणि बीड जिल्ह्यांसाठी २३.६६ अब्ज घनफूट पाण्याची आखणी झाली. पहिल्या टप्प्यास त्यांतील केवळ ७ अब्ज घनफूट पाणी मंजूर झाले. कळंब तालुक्याच्या सीमेवरील मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडे पडले, तेव्हा लातूरकरांची तहान मिरजेहून आगगाडीने आणलेल्या पाण्यावर भागवावी लागली.

हा दोष केवळ आपल्याच शासनाचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली आणि शाही चौकशी आयोगाने पुढील वर्षी ६७ शिफारशी केल्या. त्या प्रांताने मग एक नवी गोष्ट केली: प्रत्येक शिफारशीची पूर्तता कुठवर आली, हे तपासून जाहीरपणे कळवण्यासाठी नील कॉम्री या माजी पोलीसप्रमुखाची स्वतंत्र नेमणूक केली. त्यांच्या अहवालांतून जे दिसले ते आपल्या अनुभवाशी जुळणारे आहे. इशारे देण्याची पद्धत, अग्निशमनाची आज्ञासाखळी, यांसारखी कामे झपाट्याने मार्गी लागली. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या वीजवाहिन्या बदलण्याचे खर्चिक काम मात्र रेंगाळले. तथापि ते रेंगाळले आहे, हे तेथील सामान्य नागरिकास कळत होते, आणि शासनासही ते लपवता येत नव्हते. आपल्या बालाघाटावरही फाल्गुन-चैत्रात कुसळी गवत पेटून वणवे लागतात, येडशीच्या अभयारण्यात जाळरेषा काढाव्या लागतात. परंतु येथले खरे संकट मंद गतीचे आहे, आणि मंद संकटाच्या शिफारशी विसरणे अधिक सोपे असते.

दुष्काळग्रस्त मुलखास आणखी एका अहवालाची गरज नाही, असे विधान करणे अविचाराचे होईल. पाऊस, पीक आणि भूजल बदलत आहेत, तेव्हा नवी मोजदाद लागणारच. परंतु जो अहवाल आपल्या पूर्वसूरींच्या शिफारशींपैकी कोणत्या झाल्या, कोणत्या राहिल्या आणि का राहिल्या, याचा तक्ता पहिल्या पानावर देणार नाही, तो स्वीकारूच नये, एवढा दंडक लोकांनी घालून द्यावयास हवा. १८९७ मध्ये पुण्याच्या सभेने जे केले, ते करण्यास आज कोणाच्या मान्यतेची आवश्यकता नाही. तहसील कचेरीत शिफारशींची यादी, प्रत्येकीपुढे जबाबदार अंमलदाराचा हुद्दा आणि पूर्ततेची तारीख लावली जावी, आणि तारीख टळली असता ग्रामसभेने तिचा जाब विचारावा. पंधरा दिवसांच्या मुदतीने रोजगार हमी जशी जगली, तशीच पाण्याची हमीही जगू शकेल. तिला अद्याप कोणी मुदत घालून पाहिलेली नाही, एवढेच.