खातेदाराची भरपाई

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या हाती आपली खासगी माहिती निर्धास्तपणे सोपवावी काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर या कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी याहू या अमेरिकन कंपनीचे प्रकरण पुरेसे बोलके आहे.

जेरी यँग व डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली आरंभिलेल्या या उद्योगाकडे पुढे जगभरच्या लोकांनी आपला पत्रव्यवहार विश्वासाने सोपविला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच्या भांडारात चोर शिरले, आणि २०१४ च्या अखेरीस पुन्हा शिरले. नावे, ई-मेल, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारखा आणि सांकेतिक रूपात ठेवलेले परवलीचे शब्द त्यांच्या हाती पडले. परवलीचा शब्द बदलता येतो, परंतु जन्मतारीख कशी बदलावी?

चोरी कोणाकडेही होते, हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या मौनावर. २०१४ च्या चोरीचा सुगावा कंपनीच्या सुरक्षा विभागास काही दिवसांतच लागला होता व वरिष्ठांस तो कळविण्यातही आला होता. तथापि खातेदारांस ती कळली सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे धंदा व्हेरायझन कंपनीस विकण्याचा करार झाल्यानंतर. त्या वेळी आकडा सांगितला गेला ५० कोटी खात्यांचा. डिसेंबर २०१६ मध्ये २०१३ ची चोरी जाहीर झाली. तिची व्याप्ती प्रथम १०० कोटी सांगितली गेली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वच्या सर्व ३०० कोटी खाती तीत सापडल्याचे कबूल करण्यात आले.

आता भरपाई कोणास कशी मिळाली, तो क्रम पाहा. सर्वांत आधी मिळाली ती ग्राहक कंपनीला: फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हेरायझनने किंमत ३५ कोटी डॉलरांनी उतरवून घेतली. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने साडेतीन कोटी डॉलर दंड ठोठावला, तो गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल. ज्यांची माहिती गेली ते खातेदार शेवटी राहिले. त्यांनी एकत्र येऊन दावा लढविला, तेव्हा कोठे ११ कोटी ७५ लाख डॉलरांच्या तडजोडीस २०२० मध्ये न्यायालयाची अंतिम मंजुरी मिळाली. आणि ती रक्कम कोट्यवधी लोकांत विभागावयाची होती.

या क्रमाचा आपल्याशीही संबंध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती फुटल्यास संबंधित प्रत्येक व्यक्तीस कळविण्याचे बंधन त्यात आहे, हे स्वागतार्ह होय. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु तो दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. शिवाय हयगयीमुळे नुकसान सोसणाऱ्यास भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ हे कलम वगळण्याची तरतूदही याच कायद्यात केलेली आहे.

कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांस येथे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आठवतो. यंत्रात बोटे गेली, तर मालकाची हयगय सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर न टाकता त्या कायद्याने भरपाई त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या पदरात टाकली. परकीय राजवटीतही जे तत्त्व मान्य झाले, ते स्वतंत्र देशाच्या नव्या कायद्यात नसावे, याचे आम्हांस नवल वाटते.

कंपन्यांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा, या वादात आम्ही पडत नाही. गिरणीमालक भला की बुरा, यावर कामगाराने आपली बोटे सोडली नव्हती. दंडाबरोबर भरपाईचा हक्कही कायद्यात असला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. आणि ती एकेकट्या खातेदाराने मागून मिळणार नाही, संघटितपणेच मागावी लागेल.