घरची गाडी आणि रविवारची शर्यत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका जुन्या मोटारीवरून चर्चा सुरू झाली आणि तिने मला इतिहासाच्या एका अगदी अनोळखी दालनात नेऊन सोडले. माझी थोरली मुलगी इंजिनिअर आहे, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करते. घरात आता गाडी हवी, असे तिचे म्हणणे. माझ्या आईचे वय ब्याऐंशी. तिला डॉक्टरांकडे न्यायचे तर दर वेळी रिक्षावाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. निम्मे पैसे मुलगी देणार, निम्मे मी. घराच्या कौलांसाठी मी थोडी रक्कम बाजूला ठेवली होती, ती काढायची असे ठरले. इथवर सारे सुरळीत होते. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, गाडी अशी बघू या, की वर्षातल्या दोन-तीन रविवारी मला ती ऑटोक्रॉसलाही नेता येईल."

ऑटोक्रॉस म्हणजे शर्यतीचा एक प्रकार, एवढे कळताच मी नाही म्हटले. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा रात्रीच्या वेळी महामार्गावर मित्रांशी पैज लावून मोटारसायकल पळवताना गेला. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत तो माझ्या शेजारी उभा आहे. तो फोटो अजून माझ्या कार्यालयात लावलेला आहे. वेगाची हौस म्हटली की मला तो फोटो दिसतो.

मुलीने वाद घातला नाही. "तुम्ही इतिहासाचे मास्तर. आधी इतिहास वाचा आणि मग नाही म्हणा," एवढेच ती म्हणाली. मी वाचायला बसलो. त्या वाचनाचा हा गोषवारा.

आधी ऑटोक्रॉस म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इंग्लंडात गवताळ किंवा मातीच्या मैदानावर आखलेल्या वाटेवरून गाड्या पळवतात, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. अमेरिकेत मोठ्या डांबरी पटांगणावर रबरी शंकू मांडून नागमोडी वाट तयार करतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. शेजारून दुसरी गाडी धावत नसते. खरा प्रतिस्पर्धी घड्याळ. तिथल्या नियमाप्रमाणे एक शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. एक फेरी साधारण मिनिटभराची. वळणे इतकी जवळजवळ, की दुसऱ्या गिअरच्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते. आपल्याकडे होतात त्या ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानावर होतात.

हा साधा खेळ जन्माला येण्यापूर्वी बरेच रक्त सांडले होते, हे मला ठाऊक नव्हते. मोटारींच्या पहिल्या शर्यती झाल्या त्या सार्वजनिक रस्त्यांवर. 1894 साली पॅरिसहून रुआंपर्यंत गाड्या धावल्या, तेव्हा लोकांना त्याचे केवळ कौतुक वाटले. पण वेग वाढत गेला आणि रस्ते मात्र बैलगाडीचेच राहिले. 1903 च्या पॅरिस ते माद्रिद शर्यतीत चालकही मेले आणि प्रेक्षकही. रेनॉ बंधूंपैकी मार्सेल रेनॉ हा त्याच शर्यतीत गेला. फ्रेंच सरकारने ती शर्यत बोर्दो इथेच थांबवली. इंग्लंडात 1925 साली कॉप हिल नावाच्या टेकडीवरील चढणीच्या शर्यतीत एक प्रेक्षक जखमी झाला आणि त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यती बंद पडल्या. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन या गावात 1948 पासून गावच्या रस्त्यांवरूनच शर्यत होई. 1952 साली तिथे एक सात वर्षांचा मुलगा दगावला आणि शर्यत गावाबाहेर गेली.

तीन देश, तीन अपघात आणि निष्कर्ष एकच. वेगाला रस्त्यावर जागा नाही, त्याला वेगळे मैदान हवे. पण मैदान आणायचे कुठून? 1907 साली इंग्लंडात ब्रुकलंड्सचा खास शर्यतीचा रस्ता बांधला गेला खरा, परंतु तो श्रीमंतांचा शौक होता. सामान्य माणसाला मैदान मिळाले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. बाँबफेकी विमानांसाठी बांधलेल्या धावपट्ट्या युद्ध संपल्यावर ओस पडल्या. सिल्व्हरस्टोनच्या धावपट्टीवर 1948 साली ब्रिटिश ग्रां प्री झाली. अमेरिकेतील सेब्रिंगची शर्यत 1950 साली अशाच एका विमानतळावर सुरू झाली. पुढे दुकानांसमोरच्या आणि क्रीडागारांसमोरच्या वाहनतळांचीही पटांगणे उपयोगी आली. सुटीच्या दिवशी ती रिकामी असत. शंकू मांडले की शर्यतीची वाट तयार होई आणि उचलले की पुन्हा वाहनतळ. 1944 साली स्थापन झालेल्या तिथल्या स्पोर्ट्स कार क्लबने या प्रकाराची राष्ट्रीय स्पर्धा 1973 पासून भरवायला सुरुवात केली.

हे वाचताना आमचे सांबरे डोळ्यांपुढे आले. ती धावपट्टीदेखील 1942 साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. सांबऱ्याला विमानेच राहिली, पण मद्रासजवळच्या शोळावरमची युद्धकालीन धावपट्टी शर्यतवाल्यांच्या हाती आली. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षे शर्यती भरवल्या.

मैदान मिळाले, पण गाडीचे काय? खास शर्यतीची गाडी घेण्याची ऐपत किती जणांची असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला सर्वांत जास्त आनंद झाला, कारण ते उत्तर कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या घरात सापडते. इंग्लंडात 1922 साली ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली गाडी बाजारात आली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी आपल्या घरातील बिलियर्डच्या टेबलावर तिचे आराखडे करून घेतले, ते स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या नकाशाकाराकडून. आमच्या बारावीच्या मुलांएवढाच तो. नवराबायको आणि दोन मुले जेमतेम मावतील एवढी ती गाडी, इंजिन साडेसातशे सीसीच्या आतले. नवी असताना ती कुटुंबाची गाडी होती. जुनी झाल्यावर ती स्वस्तात मिळू लागली आणि हौशी पोरांनी तिच्यावर झडप घातली. कॉलिन चॅपमन यांनी 1948 साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनवली. त्यातूनच पुढे लोटस कंपनी उभी राहिली. न्यूझीलंडमधल्या ब्रूस मॅक्लारेन यांनी वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास पहिली स्पर्धा केली तीही ऑस्टिन सेव्हनमध्येच.

हीच गाडी घेऊन टेकडीच्या शर्यतींत भाग घेणारा आणखी एक तरुण म्हणजे ॲलेक इसिगोनिस. हा मूळचा स्मर्नाचा, तुर्कस्तानातून निर्वासित होऊन आलेला. त्याने जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर काही वर्षे खपून स्वतःच्या हातांनी एक हलकी शर्यतीची गाडी बांधली आणि तिच्या स्प्रिंगांसाठी रबर वापरले. पुढे 1956 साली सुएझचा पेच उद्भवला, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीची निकड निर्माण झाली. ते काम इसिगोनिसकडे आले. 1959 च्या ऑगस्टमध्ये मिनी बाजारात आली. लांबी अवघी दहा फूट, इंजिन 848 सीसीचे आणि तेही आडवे बसवलेले, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, चाके दहा इंची आणि आधारासाठी पुन्हा रबर. किंमत पाचशे पौंडांच्या आत.

ही सगळी रचना चार माणसे आणि त्यांचे सामान मावावे म्हणून होती. पण चाके गाडीच्या चार कोपऱ्यांना ढकललेली, वजन थोडे आणि उंची बेताची. त्यामुळे वळणावर ती खिळल्यासारखी राही. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांना हे चटकन उमगले आणि 1961 साली मिनी कूपर निघाली. 1962 मध्ये ट्युलिप रॅली जिंकून या गाडीला पहिले मोठे आंतरराष्ट्रीय यश मिळवून दिले ते पॅट मॉस आणि ॲन विझ्डम या दोघी महिलांनी. हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवले नाही, पण मुलीला ते आधीच माहीत होते. 1964 साली पॅडी हॉपकर्क यांनी याच गाडीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. 1965 आणि 1967 सालीही तिथे मिनीच जिंकली. 1966 मध्ये तर पहिल्या तिन्ही मिनी होत्या, पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद करण्यात आले.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. शोळावरमला संस्थानिकांच्या परदेशी गाड्या धावत, तशाच फियाट, हेराल्ड आणि अँबॅसडरही धावत. फियाट म्हणजे जिला आपण पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखले, तीच. ज्या गाडीतून आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नवी सून आली, ती. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तिचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ते इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' ही एका माणसाची शर्यतीची गाडी तयार केली आणि तरुण पोरांना परवडेल असा मार्ग खुला केला. 1995 साली ते विमान अपघातात गेले. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हे या फॉर्म्युला मारुतीतूनच पुढे आलेले. म्हणजे बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर त्यांचे पहिले धडे झाले.

एवढे वाचल्यावर माझा विरोध उरला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पण मुलीला मी म्हटले, "चल, गाडी बघू या." आणि इथे इतिहासच कामी आला. ऑस्टिन, मिनी, मारुती यांनी जे शिकवले तेच आमचे निकष झाले. गाडी हलकी हवी. ताकदीपेक्षा वजनाला महत्त्व, कारण दर वळणावर थांबवायचे आणि वळवायचे असते ते वजन. उंची कमी हवी. उंच जीपवजा गाडी रुबाबदार दिसते, परंतु अचानक वळवली तर कलंडण्याचा धोका असतो. सुटे भाग आमच्या गॅरेजवाल्या अण्णांकडे त्याच दिवशी मिळायला हवेत. आणि मागे दोन दारे हवीतच, कारण आजीला मागच्या सीटवर नीट बसता आले पाहिजे. ही शेवटची अट माझी.

पहिली गाडी पाहिली ती एका विक्रेत्याकडे. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. अण्णांनी वाकून क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर पाहिले, ते पार झिजून गुळगुळीत झालेले. मग डिकीतला गालिचा उचलला, तर खालचा पत्रा लाटेसारखा वरखाली. मागून ठोकलेली गाडी रंगवून उभी केली होती. "सर, इदु बेडा," असे कानडीत म्हणून त्यांनी मला बाहेर काढले. त्यानंतर प्रत्येक गाडीचे टायर आम्ही पाहू लागलो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि ऑटोक्रॉसमध्ये सारी भिस्त टायरवर. इंजिन थंड असताना सुरू करून धूर पाहायचा, हेही अण्णांनीच शिकवले.

शेवटी एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट मिळाली. वजन हजार किलोंच्या आत, एअरबॅग आणि एबीएस असलेले वरचे मॉडेल. अण्णांनी ब्रेकचे पॅड बदलले, नवे टायर घातले आणि बाकी कशाला हात लावला नाही. रस्त्यावर वापरायच्या गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. घरच्या विम्यात शर्यतीतले नुकसान धरलेले नसते, हेही त्याच निमित्ताने कळले. गाडी मोडली तर खर्च आपला. मुलीने त्यासाठी पगारातून वेगळी रक्कम ठेवायला सुरुवात केली, तेव्हा माझी निम्मी काळजी मिटली.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही तिच्या पहिल्या ऑटोक्रॉसला गेलो. फेरीपूर्वी गाडीतले सगळे सुटे सामान काढावे लागते, नाही तर वळणावर ते उडून लागते. आईची काठी, औषधांची पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, सुटे चाक, सारे माझ्यासमोर जमिनीवर आले आणि मी राखणीला बसलो. मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, पट्टे तपासूनच गाडी सोडत होते. मुलीने एक शंकू पाडला, एका वळणावर वाट चुकली आणि शेवटच्या पाच-सहांत आली. तिचा चेहरा मात्र बोर्डात आल्यासारखा होता. संध्याकाळी सामान पुन्हा गाडीत भरले, वाटेत चहा घेतला आणि त्याच गाडीने घरी परतलो. येताना महामार्गावर ती ऐंशीच्या पुढे गेली नाही. मी मुकाट्याने काटा पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने आईला डॉक्टरांकडे नेले.

कार्यालयातला तो फोटो मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. त्या मुलाला मी अनेकदा रागावलो होतो, गाडी हळू चालव म्हणून बजावले होते. वेगाची हौस पुरी करायला नियमांची, राखलेली जागा असते, हे मात्र त्याला कधी सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. या वर्षी नववीच्या तासाला मी 1903 सालची पॅरिस ते माद्रिद शर्यत शिकवली. ती अभ्यासक्रमात नाही. मागच्या बाकावरची मुले पहिल्यांदाच टक लावून ऐकत होती.